घर आजोबांच्या नावावर, राहतोय आपण: घरपट्टी, टॅक्स आणि विम्याचं काय?

नमस्कार मंडळी. दर मे महिन्यात आमच्या ऑफिसात कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागदं घेऊन येतं, घराचा विमा काढायचाय म्हणतं, आणि सिटी सर्व्हेचा उतारा (शहरातल्या जागेचा सरकारी मालकी-कागद, प्रॉपर्टी कार्ड) उघडला की मालक म्हणून नाव आजोबांचं, ते जाऊन पंचवीस वर्षं झालेली. घरपट्टी नातू भरतोय पण पावती आजोबांच्याच नावाची. राहायला काही अडत नाही हो, म्हणून कुणी लक्ष देत नाही, अडतं ते क्लेमच्या नाहीतर विकायच्या वेळी.

आधी भीती घालवू. वारशाने किंवा मृत्युपत्राने घर मिळालं म्हणून टॅक्स लागत नाही, पूर्वी इस्टेट ड्युटी होती ती १९८५ ला गेली. स्वतः राहताय तर इन्कम टॅक्समध्ये घराचं उत्पन्न शून्य धरतात. पुढची खोली दुकानाला दिली असेल तर ते भाडं मात्र दाखवायचं, भरलेली घरपट्टी वजा करून उरेल त्यातून ३० टक्के सूट मिळते, आणि घर भावंडांचं मिळून असेल तर ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही, हे आम्ही दिवसातून दोनदा तरी सांगतो. सिटी सर्व्हेला वारस नोंद वेगळी आणि महापालिकेत घरपट्टीला नाव लावणं वेगळं, एक झालं की दुसरं आपोआप होत नाही. आणि कृपा करून आत्याचं नाव गाळून वारस नोंद करायला सांगू नका. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलींना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून समान वाटा आहे, वडिलोपार्जितमध्ये २००५ पासून. आत्या खुशीने सोडत असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र करा, नोटरीवर भागत नाही.

आता विमा. सांगलीत २००५, २०१९, २०२१ तीनदा पाणी बघितलं तरी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागल्यावरच आम्हाला फोन येतात, तेव्हा काय उपयोग? २०२१ पासून सगळ्या जनरल विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आहे, त्यात आग, पूर, भूकंप सगळं येतं. विमा जागेचा नसतो, बांधकामाचा असतो, म्हणजे गावभागात तुमची जागा कोटीची असली तरी हिशोब आज तेवढंच परत बांधायला किती लागेल याचा. समजा ८०० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ), फुटाला १८०० धरले, तर १४ लाख ४० हजार. त्याच्या २० टक्के, म्हणजे इथे २ लाख ८८ हजार, घरातल्या सामानाला आपोआप मिळतात (कमाल १० लाख), पण दागिने त्यात धरत नाहीत. भिंती मातीच्या आहेत, वर माळवद आहे तर फॉर्मवर तसंच लिहा, हप्ता वाचवायला आरसीसी लिहिलं की क्लेमला नुकसान तपासणारा सर्व्हेअर आल्यावर तोंड लपवायची वेळ येते.

फॉर्मवर हिस्सेदार सगळे लिहायचे, एकटा राहतोय तो नाही. वडिलांनी काढलेली पॉलिसी चालू असेल तर ती मुदत संपेपर्यंत वारसांसाठी चालू राहते, पुढचं रिन्यूअल आपल्या नावांनी करा. आणि पाणी ओसरलं की चिखल धुवायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो काढा, बायका घर धुवायला लागल्या की तो पुरावा तासाभरात जातो (आमच्याच घरी झालंय).

पुढेमागे बिल्डरला द्यायचा विचार असेल तर एवढंच: घर आजोबांनी १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल तर कॅपिटल गेनसाठी (विक्रीतल्या नफ्यावरच्या टॅक्ससाठी) खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, त्या तारखेच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. व्हॅल्युएशन आत्ताच करून फाईलला लावा.

येताना उतारा, चालू वर्षाची घरपट्टी, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची आधारकार्डं आणा. दाखला सापडत नसेल तर जिथे मृत्यू झाला त्या गावच्या पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मागा, राहत्या गावात नाही.