झोपेत दात खाणं आणि जबड्याचं दुखणं: आमच्या रुग्णांसाठी माहिती

‘रात्रभर करकरा दात खातात हो, मला झोप लागत नाही.’ ही तक्रार सांगते ती बहुतेक वेळा बायको किंवा आई. ज्यांचे दात झिजताहेत ते शेजारच्या खुर्चीत ‘छे, मी कुठे?’ म्हणत बसलेले असतात. तेही खोटं बोलत नसतात, कारण झोपेत केलेलं स्वतःला कळत नाही. मात्र खुणा तोंडात राहतात.

त्या घरीच आरशात पाहता येतात. सुळ्यांची टोकं सपाट झाली आहेत का? गालाच्या आतून, दात मिटतात त्या उंचीवर पांढरी आडवी रेघ आहे का? जिभेची कड करंजीच्या कडेसारखी दिसते का? याच्या जोडीला सकाळी उठल्यावर कानशिलं जड आणि गाल आवळल्यासारखे वाटत असतील, गार पाण्याने दातांत सणक जात असेल, तर एकदा दाखवून घ्या.

‘टक्’ आवाज कशाचा?

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. कानाला इतका खेटून असल्यामुळे अनेक जण आधी कानाचे थेंब घालून, कान तपासून मगच आमच्याकडे येतात. सांध्याच्या दोन हाडांमध्ये एक लवचीक चकती असते. ती पुढे सरकली, की तोंड उघडताना परत जागेवर येते आणि ‘टक्’ वाजतं. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. तो कुणाला वाजवून दाखवू नका, स्वतः पुन्हा पुन्हा वाजवून तर अजिबात पाहू नका.

कारणं

ताण हे एक कारण आहेच, पण एकटं नाही. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू, तंबाखू, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यांचाही संबंध दिसतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात आवळले जातात. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांच्याशी बोला.

लहान मूल दात खातं म्हटल्यावर घरातले मोठे लगेच ‘जंत झाले असतील’ म्हणतात. जंतांचं औषध डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर द्या, पण त्याने दात खाणं थांबेल अशी आशा नको. दुधाच्या दातांच्या वयात बरीच मुलं दात खातात आणि मोठी होताना बहुतेकांचं आपोआप थांबतं.

दिवसा दात आवळणं हा वेगळाच प्रकार, आणि आमच्या मते जास्त दुर्लक्षित. सिग्नलला गाडीवर बसलेले असताना, मोबाइलवर मेसेज वाचताना, सुईत दोरा ओवताना स्वतःकडे लक्ष द्या. खरं तर खाणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. सोपी युक्ती सांगतो. ‘न’ म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे, दात सुटलेले. आता फक्त ओठ मिटा. जबड्याची आरामाची जागा ही. दिवसातून पाच-पन्नास वेळा तिथे परत यायचं.

आम्ही काय करतो

पहिल्या भेटीत गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून पाहतो, तोंड किती उघडतं ते मोजतो. तुमचीच तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये मावली तर ठीक. मावत नसतील आणि तुम्ही गुटखा, सुपारी किंवा खर्रा खात असाल, तर गोष्ट निराळी. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी तोंडं आखडलेली माणसं येतातच. गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड आवळत जाणं हा स्वतंत्र आजार आहे. त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो, आणि त्याला खाली दिलेले उपाय पुरत नाहीत.

बाकीच्यांना सुरुवातीचे काही आठवडे साधेच उपाय. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं गरम कापडाचा शेक, मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली पोळी. ऊस, चिक्की, फुटाणे, कणीस बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. जबड्याचे व्यायाम समोर बसवून शिकवतो, लागल्या तर थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो.

दात झिजत असतील तर नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं आवरण. पहिल्या दिवशी दातांचं माप घेतो, त्यावरून कडक अॅक्रिलिकचं गार्ड बनतं. बसवताना रंगीत कागद चावायला देतो. जिथे ठिपका गडद उमटतो तिथे गार्ड घासून कमी करतो, दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे येईपर्यंत. यातच खरा वेळ जातो. गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार गार्ड स्वस्त पडतं, पण ते असं जुळवता येत नाही, आणि काही जण ते रबरासारखं चघळतच बसतात.

पहिल्या तीन-चार रात्री लाळ जास्त सुटेल. सकाळी गार्ड काढल्यावर काही मिनिटं दात नीट जुळत नाहीत असं वाटेल. ते तासाभरानंतरही वाटत असेल तर कळवा. धुवायला गार पाणी आणि मऊ ब्रश, उकळतं पाणी नको. रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवू नका, डबीतच ठेवा. घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर.

आणि स्पष्टच सांगतो: गार्डमुळे सवय जात नाही. दातांऐवजी गार्ड झिजतं, एवढंच. वर्षाने त्यावर ओरखडे दिसले तर पैसे वाया गेले असं समजू नका, ते ओरखडे तुमच्या दाढांवर पडले असते.

सांधा दुखतो म्हणून चांगले दात घासून कमी करायचे, सगळ्यांवर कॅप बसवायच्या किंवा तारा लावायच्या, हे आम्ही करत नाही. घासलेला दात परत येत नाही. बोटॉक्सची इंजेक्शनं, सांधा धुणं किंवा शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते, आणि त्यासाठी जबड्याच्या सर्जनकडे पाठवतो.

थांबू नका

जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा डावा हात भरून येत असेल तर दाताचा दवाखाना नव्हे, थेट मोठं हॉस्पिटल. जांभईनंतर तोंड उघडंच राहिलं तर घरी ओढाताण नको, लगेच हॉस्पिटल. गालावर सूज व ताप, चेहऱ्याला बधिरपणा, किंवा पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखून नजर धूसर होणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी, जुने एक्स-रे आणि असेल तर कवळी किंवा जुनं गार्ड घेऊन या. खर्च माप घेण्याआधी सांगतो. आणि शक्य असेल तर तुमच्या खोलीत झोपणाऱ्या माणसालाही सोबत आणा.