आवडीची गोळी संपते तेव्हा

वरळीच्या नेमबाजी रेंजवर एअर रायफल मारणाऱ्या कुणाच्याही किटमध्ये पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांचा, एक डबा जिवापाड जपलेला असतो. डब्यामागचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या त्या खेपेचा क्रमांक, त्याला स्वतःच्या मोबाइल नंबरासारखा पाठ असतो. 2020 च्या टाळेबंदीनंतर रेंज उघडली तेव्हा बाहेरून येणारा माल वेळेवर मिळेना. आम्ही गोळ्या मोजून मारायचो, आणि रोज एकच प्रश्न निघायचा: हा लॉट संपल्यावर काय?

हे दुखणं फार जुनं आहे, आणि त्याची मुळं शिकारीच्या बंदुकीत आहेत.

कोकणातल्या कितीतरी घरांत पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक असायची. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांनी ती गावच्या ओटीवर टांगलेली पाहिली आहे. तिचा प्रत्येक बार हातानेच भरायचा. नळीत आधी दारू, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, आणि मग गज घालून ठासायचं. गोळी घरी साच्यात ओतलेली. ती सैल बसली तर चिंधी जाड घ्यायची, घट्ट बसली तर पातळ. तिथे आवडीची गोळी नावाचा प्रकारच नव्हता. नळीला जे मानवेल ते खरं.

काडतूस आलं आणि हे बदललं. पुंगळी, टोपी (दारू पेटवणारी), दारू, गोळी सगळं कारखान्यात एकत्र बांधून मिळू लागलं. सोय झाली, पण शिकारी कारखान्याच्या, जहाजाच्या आणि सरकारच्या हातात गेला. याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच देशात घडलं. 1898 साली लंडनच्या रिग्बी या बंदूक कंपनीने .450 नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस काढलं; .450 म्हणजे नळीच्या पोकळीचं, बोअरचं, इंचातलं माप. धूरविरहित दारूचं हे काडतूस मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्यांना फार आवडलं. पण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअरही .450 च होता. या मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या धास्तीने इंग्रज सरकारने 1907 मध्ये हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .450 वर बंदी घातली. मग बंदूक बनवणाऱ्यांनी माप जरासं हलवलं. जोसेफ लँगची .470 आणि हॉलंड अँड हॉलंडची .465 बाजारात आल्या. कामगिरी जवळपास तीच, फक्त आकडा वेगळा. गंमत अशी की पर्याय म्हणून आलेली .470 पुढे मूळच्या .450 पेक्षा जास्त चालली.

.303 चंही तसंच. ती लष्कराची, म्हणून सामान्य परवानाधारकाला वर्ज्य. तिच्या जागी .315 आली. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या 8 मिमी मॅनलिखरचं. सरकारी कारखान्याने पुढे याच बोअरच्या रायफली बनवल्या आणि परवान्यावर विकल्या. आज .315 म्हटलं की लोकांना ती जन्मापासून भारतीय वाटते.

आपल्याकडचा शिकारीचा अध्याय त्यानंतर मिटत गेला. मुंबई राज्याने 1951 साली वन्यप्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा केला, 1972 मध्ये देशभराचा कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारंही बंद झाली. ते योग्यच झालं, असं मी मनापासून मानतो. काडतूस घरी भरण्याचा छंदही इथे रुजला नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे शिकारीच्या गोळीची पुढची गोष्ट अमेरिकेत घडते.

तिथे रिकामी पुंगळी जपून ठेवतात आणि तिच्यात नवी टोपी, दारू, गोळी बसवतात. 1946 साली जॉन नॉस्लर हा अमेरिकन शिकारी कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे अजस्र हरीण. ते चिखलाने माखलेलं होतं आणि गोळी वरच्या वर फुटून गेली, आत शिरलीच नाही. घरी येऊन त्याने शिशाचे दोन कप्पे आणि मध्ये तांब्याच्या मिश्रधातूचा पडदा अशी गोळी घडवली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. 1948 पासून ती विकली जाऊ लागली. नेहमीची गोळी दगा देते तेव्हा नवी जन्माला येते, ती अशी.

पुढचा धक्का शिशाने दिला. शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन कॅलिफोर्नियातले काँडोर, म्हणजे तिथली मोठी गिधाडं, मरू लागले. 2013 मध्ये तिथे कायदा झाला आणि 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद झालं. बार्न्स या अमेरिकी कंपनीची निव्वळ तांब्याची गोळी 1989 पासून होतीच, तिचा भाव वधारला. त्यात महामारीच्या वर्षांत दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या आणि लोक मिळेल ती गोळी घेऊ लागले.

इथेच अनेकांची चूक होते. वजन सारखं म्हणजे गोळी सारखी, असं वाटतं. पण शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम, तांब्याची 8.96. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतल्या, गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांचा पीळ जास्त घट्ट लागतो. शिवाय ती पुंगळीत खोल बसली तर दारूची जागा खाते आणि दाब वाढतो. म्हणून एका गोळीचं दारूचं माप दुसरीला कधीच लावत नाहीत. त्याच गोळीचं छापील माप पाहून सगळ्यात कमी दारूपासून सुरुवात करतात. तांबं फुलायला वेगही जास्त लागतो. त्यामुळे जाणकार एक पायरी हलकी गोळी घेतात आणि लांबचा नेम टाळतात.

आम्हा रेंजवर एअर रायफल मारणाऱ्यांचं काम त्यामानाने सोपं. गोळी 4.5 मिमीची, अंतर 10 मीटर, पण दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. पेलेटचं डोकं 4.49, 4.50 आणि 4.51 अशा मापांत येतं, आणि कुठलं चालेल हे नळीच सांगते. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलीचा लाडका लॉट संपला. डोळ्यांत पाणी. तिची रायफल शिकंज्यात घट्ट आवळली आणि पाच डबे ओळीने मारून पाहिले. ज्या डब्याकडे तिने तोवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं त्याच्या 4.49 च्या दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलं, जेमतेम एका गोळीएवढं. तिने कागद उजेडाकडे धरला, दोनदा उलटून पाहिला आणि मार्कर मागून घेऊन झाकणावर मोठ्या अक्षरांत लॉट नंबर लिहिला.