बंदोबस्त, कारकून आणि फारसी क्रियापदाची दोन अंगे

फारसीची पहिली पायरी ओलांडलेला विद्यार्थी हमखास अडतो तो क्रियापदाच्या दोन अंगांपाशी, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीच्या दोन मूळ रूपांपाशी. 'करणे' याचे वर्तमानकाळी अंग 'कुन' (आजच्या इराणी उच्चारात 'कोन'), तर भूतकाळी अंग 'कर्द'. 'पाहणे' याची अंगे 'बीन' आणि 'दीद'. व्याकरणाची पुस्तके या जोड्या तक्त्यात मांडतात आणि पाठ करायला सांगतात. मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी मात्र त्या आधीपासूनच असतात. 'कारकून' या शब्दात 'कुन' आहे, 'कारकीर्द' या शब्दात 'कर्द' आहे, 'दुर्बीण' या शब्दात 'बीन' आहे आणि 'बंद-ओ-बस्त' म्हणजे 'बांधणे' या एकाच क्रियापदाची दोन्ही अंगे 'ओ' या उभयान्वयी अव्ययाने जोडून तयार झालेला शब्द आहे.

ही दोन अंगे आली कोठून, याचे उत्तर इराणमधल्या केरमानशाहजवळच्या बेहिस्तून कड्यावर, इराणी सम्राट पहिल्या दारियसने इ. स. पू. 520 च्या सुमारास कोरविलेल्या लेखात सापडते. आपला पराक्रम सांगताना तो जुन्या फारसीत 'इम त्य मना कर्तम्' असे म्हणतो, म्हणजे शब्दशः 'हे ते, जे माझे केलेले'. येथे 'कर्तम्' हे संस्कृत 'कृतम्'सारखे कर्मणी धातुसाधित आहे, तर 'कुन' हे वैदिक 'कृणोति'च्या घराण्यातले वर्तमानकाळी अंग आहे. पकडलेल्या बंडखोराला आपल्या दारात बांधून ठेवल्याचे सांगताना त्याच लेखात 'बस्त' हा शब्दही येतो. पोलीस बंदोबस्तातला 'बस्त' तो हाच, संस्कृत 'बद्ध'चा भाऊबंद.

पुढे इराणच्या सासानी राजघराण्याच्या काळात (इ. स. 224 ते 651) विभक्तिप्रत्यय जवळजवळ गळून पडले आणि भूतकाळाचा सगळा भार या धातुसाधितावर आला. त्या काळच्या भाषेत 'मी केले' याला 'मन कर्द' म्हणत आणि त्यात क्रियापदाला पुरुषाचा प्रत्यय नसे. 'मी आलो' म्हणताना मात्र 'आमद हेम', म्हणजे 'आलेला आहे', असे साहाय्यक क्रियापद लागे. 'मी आलो' आणि 'मी केले' यांतला मराठीचा भेद नेमका हाच आहे. मराठीने तो आजही राखला आहे (जरी 'तू केलेस' मधला 'स' कर्त्याकडे झुकलेला असला), तर फारसीने 'आलो'चा साचा सगळ्यांना लावून 'कर्दम' (मी केले), 'कर्दी' (तू केलेस) अशी रूपे घडविली. तृतीयपुरुषी एकवचनात मात्र साहाय्यक क्रियापद मुळातच लागत नसे, म्हणून तेथे आजही नुसते 'कर्द' उरते. विद्यार्थी ज्याला गाळलेला प्रत्यय समजतो, तो तेथे कधी नव्हताच.

नंतर घडलेल्या क्रियापदांनी हा त्रास ठेवला नाही. अरबी 'फहम'पासून झालेल्या 'फहमीदन' (समजणे) सारख्या क्रियापदात वर्तमानकाळी अंगाला 'ईद' जोडले की भूतकाळी अंग मिळते. पाठ कराव्या लागतात त्या जोड्या बहुतेक जुन्या आणि रोजच्या वापरातल्या आहेत.