कृष्णधवल पोर्ट्रेटसाठी येण्याआधी

बाहेरच्या उजेडात कृष्णधवल पोर्ट्रेट काढायचं ठरलं की बरेचजण विचारतात, "दुपारी येऊ का? लख्ख ऊन असतं." दुपारी नका येऊ. सूर्य डोक्यावर असला की भुवयांची सावली डोळ्यांत उतरते आणि नाकाची ओठांवर पडते. रंगीत फोटोत कपड्यांचे नि झाडांचे रंग थोडंफार सांभाळून घेतात. रंग गेले की सगळी भिस्त उजेड-सावलीवर. म्हणून आम्ही सकाळी ऊन चढण्याआधीची किंवा सूर्य कलल्यानंतरची वेळ देतो.

आभाळ भरून आलं म्हणून वेळ रद्द करू नका. ढगांमधून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पसरतो. तोही वरूनच जास्त येतो, त्यामुळे तेव्हा आम्ही तुम्हाला छपराच्या कडेला, आत सावलीत पण तोंड उघड्या आभाळाकडे करून उभं करू. उजेड समोरून आला की डोळ्यांत पांढरा ठिपका चमकतो. तो नसला तर डोळे विझल्यासारखे दिसतात.

हे घरीही करून बघता येईल. मूठ वळून चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि जागच्या जागी सावकाश फिरा. बोटांच्या सांध्यांमागच्या सावल्या कुठे गडद होतात, कुठे पुसट होत जातात, ते दिसेल. मुठीवर जिथे उजेड छान पडतो, तिथे तो चेहऱ्यावरही छान पडतो. जागा ठरवताना आम्हीही हेच करतो. एका गालावर सावली फारच दाटली तर त्या बाजूला पांढरा थर्माकोल धरतो, एवढंच.

झाडाखालची जागा डोळ्यांना गार वाटते, पण पानांतून पडणारे कवडसे गालावर पांढरे डाग होऊन बसतात आणि ते नंतर नीट काढता येत नाहीत. दाट, एकसारखी सावली असेल तर मात्र झाड चालेल. पानांमुळे चेहऱ्यावर येणारी हिरवट झाक रंगीत फोटो बिघडवते, इथे ती दिसतच नाही.

कपड्यांचं थोडं जपून. लाल शर्ट घालून हिरव्या झुडपापुढे उभे राहिलात तर रंगीत फोटोत उठून दिसाल. कृष्णधवलमध्ये दोन्ही एकाच राखाडी छटेत मिसळू शकतात. फोनचा कॅमेरा कृष्णधवलवर ठेवून आरशासमोर एकदा बघून घ्या. जाडंभरडं सुती, लोकरीची वीण, चुण्या पडलेलं कापड असं काही असेल तर जरूर आणा. तिरप्या उजेडात त्याचा पोत फार सुंदर दिसतो. अगदी बारीक रेघा नि चौकड्या टाळा, त्यांवर डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखी नक्षी उमटते.

आता त्वचेबद्दल. फोटो आम्ही रॉ फाइलमध्ये घेतो, म्हणजे रंगांची माहिती शाबूत राहते आणि कुठला रंग किती गडद उतरवायचा ते नंतर ठरवता येतं. लाल-नारिंगी छटा उजळ ठेवल्या की मुरमं नि वांग फिके पडतात. निळ्याकडे झुकलो की तेच डाग ठळक होतात. फिल्मच्या काळात हेच काम लेन्सवर रंगीत काच लावून व्हायचं. सुरुवातीच्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून जुन्या फोटोंत ओठ काळे दिसतात. सावळी त्वचा उजळ करून द्या, असं कोणी सांगितलं तर आम्ही आधी आहे तशी एक प्रिंट दाखवतो. सावळ्या गालावर बाजूने आलेल्या उजेडाची जी चमक येते ती पुसायला आमचा हात धजत नाही. सुरकुत्यांचंही तसंच.

बहुतेक वेळा आम्ही ८५ मिमी लेन्स वापरतो, त्यामुळे तुमच्यापासून दोन-तीन पावलं लांबच असतो. फोकस जवळच्या डोळ्यावर असतो. तेव्हा क्लिक होईपर्यंत पुढे-मागे झुकू नका, बाकी बोला, हसा.

चष्मा असेल तर तो घालूनच या. काच उन्हात काळी होणारी असेल तर मात्र साध्या काचेचा दुसरा सोबत घ्या, कारण ती ढगाळ दिवशीही बाहेर थोडी गडद होते आणि डोळे झाकोळतात.