खचदरीतला पापडखार

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ परत आला. रस्ता मधोमध फाटलाय, लोक कडेला उभे राहून खाली डोकावतायत आणि वर लाल अक्षरात 'आफ्रिकेचे दोन तुकडे होण्यास सुरुवात'. त्याखाली काकांचे हात जोडलेले इमोजी. हा व्हिडिओ मार्च २०१८ चा आहे, केनियातल्या माई माहियु गावाजवळचा, नारोककडे जाणाऱ्या रस्त्यावरचा, आणि दर वर्षी-दोन वर्षांनी कुणीतरी तो कालचाच असल्यासारखा फिरवतं.

तेव्हा झालं काय, तर खूप पाऊस पडला. त्या भागात जमिनीवर ज्वालामुखीच्या राखेचे जाड थर आहेत, मऊ, भुसभुशीत. खाली जुन्या भेगा आहेत, त्या या राखेने बुजलेल्या होत्या. पावसाचं पाणी आत शिरलं, राख खालून वाहून गेली आणि वरचं छप्पर कोसळलं, बास. खंड त्या दिवशी फाटला नाही.

पण खंड फाटतोय हे मात्र खरं आहे, फक्त वर्षाला काही मिलिमीटर या वेगाने, म्हणजे आपली नखंसुद्धा त्यापेक्षा जोरात वाढतात. आणि कधीतरी एकदम मोठा हिसकाही बसतो. सप्टेंबर २००५ मध्ये इथिओपियाच्या अफार भागात जमिनीखाली सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या चिरेत शिलारस (वितळलेला खडक) घुसला आणि जमीन काही दिवसांत काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत सरकली. त्याचा व्हिडिओ नाही म्हणून तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

शाळेच्या भूगोलात खचदरी शिकल्याचं आठवत असेल, दोन समांतर भेगा आणि मधला पट्टा खाली खचलेला, उदाहरण नर्मदा. पूर्व आफ्रिकेत तेच आहे पण आकार बघा, अफारपासून मोझांबिकपर्यंत तीन हजार किलोमीटरहून जास्त. मध्ये तिला दोन फाटे फुटतात. पश्चिमेच्या फाट्यात टांगानिकासारखी खोल गोडी सरोवरं आहेत (१४७० मीटर खोल, बैकलनंतर जगात दुसरं), आणि पूर्वेच्या फाट्याला ग्रेगरी रिफ्ट म्हणतात कारण १८९३ मध्ये जॉन वॉल्टर ग्रेगरी नावाचा ब्रिटिश भूवैज्ञानिक तिथे चालत फिरला आणि ही दरी नदीने कोरलेली नाही, खचलेली आहे, हे त्याने नीट मांडलं.

मी तिथे टूरवर गेलो होतो. नैरोबीहून नैवाशाकडे जाताना एका वळणावर गाडी थांबते, टपऱ्या, मसाई शाली, लाकडी जिराफ, आणि कठड्यापलीकडे एकदम जमीनच नाही. पाचसहाशे मीटर खाली सपाट तळ आणि त्यात लोंगोनोटचा ज्वालामुखी बसलेला. आमच्या गाडीतले बाकीचे 'लायन कधी दिसणार' या काळजीत होते, मी मात्र तिथून हलायला तयार नव्हतो. उतारावर दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ मध्ये बांधलेलं एक एवढुसं चर्च आहे, तेही बघून घ्या.

आता माझ्या आवडीचा विषय. या दरीच्या तळात सरोवरांची माळ आहे, बारिंगो, बोगोरिया, नाकुरू, एलेमेंटाइटा, नैवाशा, मगादी आणि सीमेपलीकडे टांझानियात नेट्रॉन. यातली बारिंगो आणि नैवाशा गोडी, बाकीची खारी. पण खारी म्हणजे समुद्रासारखी मिठाची नाहीत, सोड्याची आहेत. मगादीच्या काठावर जो पांढरा-गुलाबी थर साचतो तो ट्रोना, म्हणजे आपल्या पापडखाराचा आणि खायच्या सोड्याचा भाऊबंदच. असं का? नेहमीचं मीठच का नाही साचलं?

इथून पुढे जरा केमिस्ट्री आहे, पण सोडू नका.

पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, म्हणजे आकाशातून फार फार पातळ सोडावॉटरच पडत असतं. ते आम्लधर्मी पाणी खडकाला हळूहळू कुरतडतं. खडकाची माती होते आणि पाण्यात सोडियम, कॅल्शियम असे धातू उतरतात, सोबत भरपूर बायकार्बोनेट. हे पाणी वाहत दरीत येतं. दरीला बाहेर जायला वाट नाही, कारण ती खचलेली आहे, चारी बाजूंनी उंच. मग पाणी फक्त वर जाऊ शकतं, वाफ होऊन. पाणी आटतं, आतला माल दाट होतो.

दाट होताना सगळ्यात आधी कोण बाहेर पडतं? कॅल्शियम. गीझरच्या कॉइलवर किंवा बोअरच्या पाण्याच्या भांड्यात जो पांढरा खरखरीत थर बसतो ना, तोच, कॅल्शियम कार्बोनेट. आता गंमत अशी की एक कॅल्शियम खाली बसताना दोन बायकार्बोनेट संपवतो. ट्रिपल सीट निघालेली स्कूटर समजा, कॅल्शियम चालवतोय, मागे दोघं. त्यातला एक कार्बोनेट होऊन त्याच्यासोबत तळाला जातो आणि दुसरा मध्येच कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. स्कूटरी निघतायत, निघतायत. शेवटी एक काहीतरी आधी संपणार, स्कूटरी तरी किंवा प्रवासी तरी. सगळ्या सरोवराचं नशीब या एका प्रश्नावर ठरतं!

प्रवासी आधी संपले, म्हणजे बायकार्बोनेट संपलं आणि कॅल्शियम उरलं, तर पाणी कितीही आटलं तरी सोडा बनणार नाही. मृत समुद्र असा आहे. भयंकर खारट, पण पाणी किंचित आम्लधर्मीच, पीएच ६ च्या आसपास (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली). उलट स्कूटरी आधी संपल्या तर स्टँडवर बायकार्बोनेटची गर्दी उरते आणि सोबतीला फक्त सोडियम. सोडियम पाण्यातच राहायला तयार असतो, सहजासहजी खाली बसत नाही. मग बायकार्बोनेट हवेत कार्बन डायऑक्साइड सोडत कार्बोनेट बनतं, कार्बोनेट पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन ओढून घेतं, मागे राहतो हायड्रॉक्साइड, आणि पीएच चढत चढत १० च्या वर जातो. साबणासारखं बुळबुळीत पाणी.

मग केनियात स्कूटरी कमी का पडल्या? कारण खडक. दरी ताणली जाते तसा खालच्या गरम खडकावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की वेगळी उष्णता न देताही तो थोडासा वितळतो. अशा थोड्या थोड्या वितळण्यातून इथे जे ज्वालामुखी झाले त्यांच्या बऱ्याच खडकांत, ट्रॅकाइट आणि फोनोलाइट ही त्यांची नावं, सोडियम भरपूर आणि कॅल्शियम कमी. म्हणजे कॅल्शियम ही मॅच खडकातच हरून आलेलं होतं.

या सोडियमच्या नादात नेट्रॉनशेजारचा ओल डोइन्यो लेंगाई सांगायलाच हवा, मसाईंचा देवाचा डोंगर. जगात आज सोडियम कार्बोनेटचा लाव्हा ओकणारा हा एकटाच. आपला नेहमीचा लाव्हा हजार-अकराशे अंशांचा, याचा पाचशेच्या आसपास. दिवसा काळ्या ऑइलसारखा वाहतो आणि हवेतल्या ओलाव्याने काही तासांत पांढरा पडायला लागतो.

आणि नैवाशा गोडं का? तेही बंदच आहे की. तर ते खालून गळतं. पाणी जमिनीतून झिरपून निघून जातं आणि सोबत खार घेऊन जातं, म्हणून तिथे पाणघोडे डुंबतात आणि काठाला गुलाबाची शेती होते. गळक्या बादलीत खार साचत नाही.

आता या पीएच १० च्या पाण्यात कोण राहणार? तर आर्थ्रोस्पायरा नावाचं सूक्ष्म शेवाळ, स्पिरुलिना म्हणून ज्याच्या महागड्या गोळ्या विकतात ते. त्याला कार्बोनेट म्हणजे मेजवानी, आणि स्पर्धक कुणी नाही, म्हणून पाणी वाटाण्याच्या सुपासारखं हिरवं होतं. ते खायला लेसर (म्हणजे धाकटे) फ्लेमिंगो लाखांनी येतात, मान खाली करून चोच उलटी धरतात आणि जिभेच्या पंपाने पाणी गाळतात. रंग त्यांचा स्वतःचा नाहीच, खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, पिल्लं करडीच असतात. जगातले सुमारे ७५ टक्के लेसर फ्लेमिंगो एका नेट्रॉनवर जन्मतात, कारण त्या दाहक खाराच्या चिखलात घरट्यापर्यंत तरस-कोल्हे पोचायला कचरतात. (आपल्या ठाणे खाडीत दिसतात त्यांच्यातही हीच जात आहे, पण ते आफ्रिकेतून येत नाहीत, गुजरातकडून येतात.) मगादीच्या गरम झऱ्यांत एक मासाही आहे. एवढ्या अल्कलीत माशांना अमोनिया बाहेर टाकता येत नाही, तर हा गडी आपल्यासारखा युरिया बनवतो.

नेट्रॉनचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, तिथे पाण्याला स्पर्श झाला की प्राण्याचा दगड होतो. २०१३ मध्ये एका फोटोग्राफरचे फोटो गाजले त्यातून ही अफवा सुटली. मेलेले पक्षी सोड्यात वाळून टिकले होते, लोणच्यासारखे, त्याने ते उचलून जिवंत असल्यासारखे फांदीवर बसवले. हे त्याने लपवलंही नव्हतं. बातम्यांनी मात्र शापित सरोवर करून टाकलं. स्पर्शाने दगड होत असता तर त्या फ्लेमिंगोंनी काय करायचं?

आपणही कमी नाही म्हणा. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा संकेत, प्रकोप, काय काय निघालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले, पाणी आटून खारटपणा वाढला होता. लोणार खचदरी नाही, उल्केने पडलेला खड्डा, पण कारभार तोच, ज्वालामुखीचा खडक, बंद खड्डा, वर ऊन, आणि पीएच १० च्या आसपास. तिथेही आर्थ्रोस्पायरा सापडतं.

जायचं असेल तर एक सांगतो. जुन्या टूर ब्रोशरमध्ये नाकुरू गुलाबी असतं, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथलं पाणी खूप वाढलं, पार्कचं एक गेटही बुडालं. पाणी वाढलं की खार पातळ, शेवाळ कमी, फ्लेमिंगो दुसरीकडे. नाकुरूला गेंडे बघा, फ्लेमिंगोसाठी उत्तरेला बोगोरिया गाठा, तिथे उकळते झरेही आहेत. नैवाशाजवळ हेल्स गेट पार्कमध्ये झेब्रांच्या मधून सायकल चालवता येते आणि शेजारीच ओल्कारियात जमिनीच्या वाफेवर वीज बनते, केनियाच्या विजेचा जवळपास निम्मा वाटा अशा वाफेचा आहे.

आणि मगादी. तिथे सोडा काढणारी कंपनी १९११ ची, ती २००५ पासून टाटा केमिकल्सकडे आहे. स्वाहिलीत मगादी म्हणजेच सोडा, बाजारात खडे मिळतात, मका-राजमा शिजवताना घालतात. मी एक खडा आणला आणि घरी राजम्यात टाकला. डाळी-कडधान्यांच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे आणि त्या पेक्टिनला घट्ट बांधतं कॅल्शियम, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ती म्हणूनच. सोड्याने कॅल्शियम सुटतं. तीन शिट्ट्यांत राजमा लोण्यासारखा झाला, फक्त खडा जरा मोठा पडला होता आणि बायकोने पहिला घास घेऊन विचारलं, यात भांडी घासायची पावडर पडली का.