आधी काढलेला फोटो आणि आधी ठरवलेला फोटो

मोटोक्रॉस, ऑटोक्रॉस किंवा रॅली अशा बाइक-गाड्यांच्या शर्यतीत फोटो काढून ते स्पर्धकांनाच विकायचे तर धंदे दोन आहेत आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. एकात तुम्ही कुणी न सांगता सगळ्यांचे फोटो काढता, रात्री गॅलरी टाकता आणि ज्याला आवडेल तो पैसे देऊन फाइल घेतो. दुसऱ्यात रायडर किंवा टीम शर्यतीआधी तुमच्याशी बोलते, रक्कम ठरते आणि मग तुम्ही त्यांच्यासाठी काढता. शेवटी रायडरच्या हाती पडते ती जेपेग फाइलच, म्हणून फरक जाणवत नाही. पण पहिल्यात तुम्ही फोटो विकता आणि दुसऱ्यात तुमचा दिवस. दर, जबाबदारी, वादाचं कारण, इतकंच काय, फोटोचा कायदेशीर मालकही त्यावरून बदलतो. सोयीसाठी पहिल्याला 'तयार फोटो' आणि दुसऱ्याला 'ऑर्डर' म्हणू.

तयार फोटोचा हिशेब आधी मांडू, कारण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. समजा, पुणे किंवा नाशिकच्या बाहेर एक दिवसाची डर्ट ट्रॅक स्पर्धा आहे आणि ६० रायडर आहेत. पेट्रोल, टोल, जेवण आणि कॅमेऱ्याची झीज मिळून दिवसाचा खर्च २,५०० रुपये धरा. फोटोचा दर १५० ठेवला तर नुसता खर्च निघायला १७ फोटो विकावे लागतात. मजुरी त्यानंतर सुरू होते. आणि खरी मजुरी ट्रॅकवर नसते, ती रात्री लॅपटॉपसमोर असते. प्रत्येक रायडरचे चार फोटो निवडले तरी २४० होतात. एकेकाला दोन मिनिटं दिली तर आठ तास गेले, आणि त्यातले बरेच फोटो कुणी घेणारही नसतं. म्हणून तयार फोटोत नियम एकच: पैसे येण्याआधी फक्त छाटणी करायची आणि उजेड-रंग एकगठ्ठा सारखा करायचा. क्षितिज सरळ करणं, चेहऱ्यावरची सावली उचलणं, मागचा पाण्याचा टँकर कापून टाकणं हे सगळं विकलेल्या फोटोवरच. हा नियम मोडणाऱ्याचा दर कितीही असला तरी तो तोट्यातच काम करत असतो.

इथे काय खपतं, तेही छायाचित्रकाराच्या आवडीवर ठरत नाही. मावळतीला धुळीत उठलेली काळी आकृती तुम्हाला दिवसातली सर्वांत भारी फ्रेम वाटेल, पण रायडर विचारतो, "हा मीच कशावरून?" घेतली जाते ती फ्रेम जिच्यात नंबर वाचता येतो, हेल्मेट कॅमेऱ्याच्या बाजूला वळलेलं असतं आणि चाक फिरताना दिसतं. १/१००० सेकंदाच्या शटरवर वळणातली बाइक काढली तर आरे मोजता येतील इतकं चाक थिजतं आणि गाडी स्टँडवर लावल्यासारखी दिसते. वळणाला १/१०० ते १/१६० ठेवून पॅनिंग करावं, म्हणजे बाइकबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढावा, १/१००० उडीसाठी ठेवावं. १/६० वर फ्रेम सुंदर येते, पण दहातली एखादीच. तयार फोटोत प्रत्येक रायडरची किमान एक साफ फ्रेम हवी असते, त्यामुळे पहिल्या मोटोत, म्हणजे दिवसाच्या पहिल्या शर्यत-फेरीत, सावध शटर आणि हौस दुसऱ्या मोटोत.

नंबरची अडचण पावसाळ्यात कळते. तिसऱ्या लॅपपर्यंत पुढची प्लेट चिखलाने लिंपून जाते आणि रात्री २४० फोटो कुणाचे ते ओळखता येत नाही. ज्याला आपले फोटो सापडत नाहीत तो विकतही घेत नाही. यावर स्वस्त उपाय असा: रांगेत उभे असताना प्रत्येक क्लासचा, म्हणजे एकत्र धावणाऱ्या गटाचा, प्लेट, हेल्मेट आणि जर्सी दिसेल असा एक फोटो काढून ठेवा. पुढे चिखलातही जर्सीच्या बाहीवरून माणूस ओळखता येतो. दोन कॅमेरे असतील तर सकाळी दोन्हींची घड्याळं जुळवा, नाहीतर फाइल वेळेनुसार लावल्या की दोन क्लास एकमेकांत मिसळतात.

दराची रचना साधी ठेवावी. एक फोटो २०० आणि 'तुमचे सगळे' ६००, अशी जोडी ठीक चालते. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण सगळ्यांची किंमत साधारण तीन सुट्या फोटोंइतकी असू द्या. तीनपेक्षा जास्त आवडलेला माणूस मग आपसूक गठ्ठ्याकडे वळतो आणि त्याला निवडत बसावं लागत नाही. गॅलरी रविवारी रात्रीच टाका. गुरुवारी टाकलेली गॅलरी कितीही नीट असली तरी रायडरने तोवर मित्राच्या मोबाइलमधला व्हिडिओ स्टेटसला लावून विषय संपवलेला असतो. नमुना फोटो लांब बाजूने १,००० पिक्सेलच्या वर नको, आणि वॉटरमार्क कोपऱ्यात नको, तो छाटला जातो. बाइकच्या अंगावरून आडवा जाऊ द्या, पण नंबर आणि चेहरा मोकळा ठेवा.

आता ऑर्डर. इथे दर फोटोच्या संख्येवरून काढला की गणित चुकतं. दिवसाचा खर्च २,५००, दिवसाची मजुरी समजा ४,०००, एडिटिंगचे १,५००, म्हणजे दिवसाची किंमत ८,०००. हौशी रायडरचे टायर, एंट्री आणि पिकअपच्या भाड्यातच खिसे रिकामे झालेले असतात, तो एकटा ८,००० देणार नाही. चार जणांत वाटले तर प्रत्येकी २,००० पडतात आणि ते जमतं. मात्र आठ जणांत वाटून प्रत्येकी १,००० घेऊ नका, विशेषतः एकाच क्लासमधल्या आठांकडून. याचं कारण ट्रॅकवर पाहिल्याशिवाय कळत नाही. १ मिनिट ४० सेकंदांचा लॅप आणि ८ लॅपचा मोटो असेल तर एका जागेवरून एका रायडरच्या फक्त आठ संधी मिळतात. टेबलटॉपवरून (सपाट माथ्याची उडी) पुढच्या बर्मपर्यंत (वळणाचा मातीचा उंच काठ) चालत जायला साडेतीन मिनिटं लागली की दोन संधी गेल्या. ऑर्डरचे दोन रायडर ट्रॅकच्या दोन टोकांना असतील तर दोघेही मिळतात. चौघे एकाच घोळक्यात उडीवर आले की लेन्स एकावर बसते आणि तिघे धूसर होतात. एका क्लासमध्ये तीन ऑर्डर ही व्यवहार्य मर्यादा समजा.

स्टेज रॅलीत, म्हणजे बंद केलेल्या रस्त्याच्या टप्प्यांवर (स्टेजवर) वेळ मोजली जाते त्या रॅलीत, तर आणखी काटेकोर राहा. गाड्या एक-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि प्रत्येक गाडी तुमच्यासमोरून एकदाच जाते. पहिली गाडी यायच्या बऱ्याच आधी रस्ता बंद होतो आणि सगळ्यांच्या मागून येणारी आयोजकांची स्वीप गाडी गेल्याशिवाय तुम्हाला हलता येत नाही. म्हणजे एका स्टेजला ऑर्डरवाल्याची एकच संधी. अशा ठिकाणी "किमान १५ फोटो" असं कबूल करणारा माणूस सर्व्हिस पार्कमधले, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेतले, टायर बदलतानाचे फोटो मोजून आकडा पुरा करतो, आणि रायडरला ते लगेच कळतं. रॅलीची ऑर्डर घेताना जागांची संख्या सांगा, फोटोंची नको: "दोन स्टेज, सर्व्हिस आणि पोडियम."

ऑर्डरमध्ये सगळ्यात जास्त वाद होतो तो गाडी बंद पडल्यावर. पहिल्याच लॅपला चेन तुटली, फोटो दोनच मिळाले, मग पैसे किती? हे आधी ठरलेलं नसेल तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि संबंध बिघडतात. रीत अशी: निम्मी रक्कम अॅडव्हान्स, ती कुठल्याही परिस्थितीत परत नाही. उरलेली निम्मी रक्कम शर्यत पूर्ण झाली किंवा ठरलेली फ्रेमसंख्या मिळाली तरच. तुमचा कॅमेरा, कार्ड किंवा तब्येत बिघडली तर अॅडव्हान्सही परत. तयार फोटोत ही चर्चाच उद्भवत नाही, फोटो नाही तर विक्री नाही. तिथली सगळी जोखीम तुमची असते, म्हणूनच एका सुट्या फोटोचा दर ऑर्डरमधल्या प्रतिफोटो दरापेक्षा चढा असणं रास्त आहे. "ऑर्डरवाल्याला २,००० मध्ये २० दिलेस, मला एकाचे २०० का?" या प्रश्नाचं उत्तर हेच.

दोन्हींच्या मधली जागा सर्वांत घसरडी. पॅडॉकमध्ये, म्हणजे रायडर तयारी करतात त्या जागेत, हेल्मेट चढवता चढवता कुणीतरी म्हणतो, "दादा, माझेपण काढ ना, नंतर घेतो." ही ऑर्डर आहे का? त्याच्या मते नाही, तुमच्या मनात अर्धवट आहे. त्याच्या मागे धावलात आणि त्याने घेतले नाहीत तर तुम्ही चिडता. दुर्लक्ष केलंत आणि संध्याकाळी त्याने विचारलं तर तो चिडतो. तिथल्या तिथे दोनातलं एक उत्तर द्या: "समोरून जाशील तर निघेलच, आवडला तर घे." किंवा "नक्की हवे असतील तर आत्ता हजार पाठव, मग प्रत्येक लॅपला तुझ्यावर लेन्स."

आता मालकीचं. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ सांगतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता, म्हणजे तयार फोटोत तुम्ही. पण त्याच कलमात अपवाद आहे: मोबदला घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढायला सांगणारा. म्हणजे ऑर्डरचा फोटो काही न बोलता दिलात तर कॉपीराइट रायडरचा होतो. मग तोच फोटो तुम्ही त्याच्या टायर प्रायोजकाला विकू शकत नाही आणि आपल्या पोर्टफोलिओत लावायलाही त्याला विचारावं लागतं. कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क मात्र कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडे राहतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या छायाचित्रकारांचे सल्ले वाचून काम करणारे इथेच फसतात, कारण तिथे फ्रीलान्स छायाचित्रकाराकडेच सहसा कॉपीराइट राहतो.

उपाय एका संदेशाचा आहे, पण तो अॅडव्हान्स घेण्याआधी जायला हवा: "फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. तुम्हाला स्वतःच्या सोशल मीडियावर टाकायला आणि घरासाठी प्रिंट करायला मुदतीशिवाय परवानगी. जाहिरात, बॅनर, प्रायोजकाला देणं यासाठी वेगळं बोलू." समोरून "ओके" आलं की ते जपून ठेवा. एखाद्या टीमला खरोखर मालकीच हवी असेल तर हरकत नाही, दिवसाच्या दरावर भरीव वाढ घ्या आणि मोकळे व्हा.

प्रायोजकाला द्यायचा परवाना लेखी द्या आणि त्यात मुदत व प्रदेश लिहा. काही लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरतो. एका हंगामाच्या बॅनरसाठी पाच वर्षं देणं म्हणजे चार फुकट. मात्र रायडरने २०० रुपयांचा फोटो टाकून प्रायोजकाला टॅग केलं तर त्यावर आकांडतांडव करू नये. त्याला पुढच्या हंगामाचे टायर त्याच पोस्टवर मिळतात, आणि टायर मिळाले तरच तो पुन्हा तुमच्या लेन्ससमोर येतो. दुकानदाराने तो फोटो फ्लेक्सवर छापला की मात्र बिल दुकानदाराच्या नावाने.

आयोजकाने तुम्हाला पैसे देऊन बोलावलं असेल तर तीही ऑर्डरच आहे, फक्त गिऱ्हाईक बदललं. रायडरना परस्पर विकायची मुभा त्याच्याकडून लेखी घ्या. आणि नुसत्या मीडिया पासवर आत गेला असाल तर फॉर्म वाचा. पास बातमीसाठी दिलेला असतो, त्यात विक्री बसते असं गृहीत धरू नका.

फाइल देतानाही दोन रिती. तयार फोटो लांब बाजूने २,०४८ पिक्सेलचा द्या, मोबाइल आणि ४ बाय ६ प्रिंटला तो पुरतो. मोठी फाइल जास्त दराने. ऑर्डरमध्ये पूर्ण आकार द्या. २४ मेगापिक्सेलच्या ६,००० बाय ४,००० फाइलमधून १२ बाय १८ इंची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) आरामात निघते. ८ बाय १० मागितली तर आधी सांगा की कडा कापल्या जातील, ८ बाय १२ मध्ये कापल्या जात नाहीत. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि "प्रिंट फाटली", म्हणजे ठिपके-ठिपके दिसते, ही तक्रार तुमच्याकडे येते.

पडझडीचे फोटो दोन्हींत वेगळे वागवावे लागतात. तयार फोटोंच्या गॅलरीत अपघाताची फ्रेम थेट टाकू नका. आधी त्या रायडरला एकट्याला दाखवा, १४-१५ वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्या आईवडिलांना. ऑर्डरवाल्याची फ्रेम तर त्याच्या होकाराशिवाय गॅलरीत येऊच नये, आणि त्याच्या मागून उडीवर आलेला दुसरा रायडर त्याच फ्रेममध्ये साफ आला असेल तर कॉपीराइट तुमच्याकडे राखलेला असताना तो भाग छाटून त्या दुसऱ्याला तयार फोटो म्हणून विकायला काही अडचण नाही, फक्त ऑर्डरवाल्याच्या हातात त्याची फाइल आधी पडलेली असावी.