सैन्याचा प्रश्न संसदेपर्यंत न्यायचाय? सोलापुरातून विनंती अर्ज कसा करायचा

लोकसभेकडे पाठवायच्या विनंती अर्जाला कागद जोडायचे नसतात. एकही नाही. डिस्चार्ज बुकची झेरॉक्स नको, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) नको, प्रतिज्ञापत्र तर नकोच. हे सगळ्यात आधी सांगते, कारण माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी नेमकं उलटं केलं होतं. आपल्याकडे अर्ज म्हटला की आधी जोडपत्रांची यादी निघते. त्या सवयीने त्यांनी सगळी कागदपत्रं साक्षांकित करून घेतली, नोटरी केली आणि जाडजूड पाकीट दिल्लीला स्पीड पोस्टाने रवाना केलं. त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं, पण ते विनंती अर्जाच्या नियमात बसलं नाही.

माझे वडील फौजेत होते. गावाकडच्या सैनिकांच्या घरी गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दिल्लीत आपलं कोण ऐकतंय?" ऐकलेलं आहे. 'वन रँक वन पेन्शन'चा, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान निवृत्तिवेतनाचा विषय राज्यसभेच्या याचिका समितीपुढे, म्हणजे विनंती अर्ज तपासणाऱ्या समितीपुढे, एका विनंती अर्जानेच गेला होता. भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले, ते तेव्हा त्या समितीचे अध्यक्ष होते. समितीने संरक्षण मंत्रालयाला आणि वित्त मंत्रालयाला समोर बसवून प्रश्न विचारले. डिसेंबर २०११ मध्ये आपला १४२ वा अहवाल सादर केला आणि मागणी मान्य करावी अशी स्वच्छ शिफारस केली. पुढे माजी सैनिकांना जंतरमंतरवर बसावं लागलं, निवडणुका झाल्या, सरकार बदललं, आणि ७ नोव्हेंबर २०१५ रोजी आदेश निघाला. लाभ १ जुलै २०१४ पासून लागू झाला. सगळं त्या एका अर्जाने झालं असं मी म्हणणार नाही. पण आंदोलनातला माणूस "संसदेच्या समितीनेच हे म्हटलंय" असं ठामपणे सांगू शकत होता, ते त्या अर्जामुळे.

तुमचा विषय कोणत्या दाराचा

बहुतेक अर्ज इथेच चुकतात, म्हणून यावर थोडा वेळ घालवा.

तुमची स्वतःची पेन्शन अडकली आहे, स्पर्श या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चुकलं आहे, अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारलं आहे, तर हा संसदेचा विषय नाही. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, केंद्राचं तक्रार निवारण पोर्टल, आणि तिथे भागलं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. ज्या गोष्टीवर कायद्यात आधीच दाद मागायची सोय आहे, ती विनंती अर्जात घेत नाहीत. कोर्टात किंवा न्यायाधिकरणात प्रकरण चालू असेल तर तेही चालत नाही.

माजी सैनिकांची घरपट्टी माफी, सैनिकांच्या मुलांचं वसतिगृह, एसटीची सवलत हे राज्याचे विषय. ते मुंबईत विधानभवनात जायला हवेत. तिथेही 'विनंती अर्ज समिती' याच नावाची समिती आहे. दिल्लीतल्या समितीला हिंदीत याचिका समिती म्हणतात. दोन्हींचा घोळ करू नका.

संसदेकडे न्यायचा तो सगळ्यांना लागू पडणारा, धोरणाचा विषय. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या माजी सैनिकांना ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची रुग्णालयं कशी मिळावीत? जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जे बाहेर पडतील त्यांचं पुनर्वसन कसं व्हावं? वीरपत्नींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम कसे असावेत? असे विषय चालतात. संसदेपुढे आलेल्या एखाद्या विधेयकावरही अर्ज करता येतो.

पात्रता

ही बाब सोपी आहे. माजी सैनिक असण्याची अट नाही. शिक्षण, उत्पन्न, जात, रहिवास यांचा दाखला लागत नाही, फी नाही, स्टॅम्पपेपर नाही. एकट्याने करता येतो, गावाने मिळून करता येतो, संघटनेने करता येतो. कामतीच्या शेतकऱ्याने किंवा पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराने संरक्षण धोरणावर अर्ज केला तर तोही तितकाच अर्ज आहे.

सध्या सेवेत असलेल्या जवानाने मात्र सही करू नये. त्याला लष्करी शिस्तीचे नियम लागू आहेत आणि स्वतःच्या तक्रारीसाठी १९५० च्या लष्कर कायद्यातच, कलम २६ आणि २७ मध्ये, वेगळी वाट दिलेली आहे. मुलगा सीमेवर आहे म्हणून तळमळीने लिहिणारी आई मी पाहिली आहे. तिने जरूर लिहावं, नागरिक म्हणून, स्वतःच्या नावाने. पण मुलाची तुकडी कुठे आहे, किती माणसं आहेत, काय शस्त्रं आहेत यातलं अक्षरही कागदावर येऊ देऊ नये. अर्ज कितीतरी हातांतून जातो.

अर्जाचा मजकूर

लोकसभेच्या नियमावलीत १६० ते १६७ हे नियम विनंती अर्जाचे आहेत आणि नमुना पहिल्या अनुसूचीत दिलेला आहे. कागद साधा. वरती 'लोकसभेस' असं लिहायचं, मंत्र्यांचं किंवा अध्यक्षांचं नाव नाही. त्याखाली अर्जदार कोण ते एका ओळीत: 'सोलापूर जिल्ह्यातील अमुक अमुक व इतर माजी सैनिक यांचा सविनय विनंती अर्ज'. मग म्हणणं, आटोपशीर. परिच्छेदांना क्रमांक घातले तर वाचणाऱ्याला बरं पडतं. भाषा सौम्य हवी, हे नियमातच आहे. शिव्याशाप, टोमणे, कुणा अधिकाऱ्यावर आरोप असले की अर्ज बाजूला पडतो.

शेवटी प्रार्थना. हा अर्जाचा गाभा आहे आणि हाच लोक विसरतात. तीन पानं व्यथा लिहायची आणि नेमकं काय हवं ते लिहायचंच नाही, असं फार होतं. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' ही प्रार्थना होत नाही. 'ज्या जिल्ह्यात माजी सैनिकांची संख्या मोठी आहे तिथे किमान अमुक सोयीचं रुग्णालय ईसीएचएसशी जोडलेलं असावं असा नियम करावा' ही होते. समितीला हो किंवा नाही म्हणता येईल, अशी मागणी लिहा.

त्याखाली प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही. लिहिता येत नसेल त्याचा अंगठा. सह्या जास्त असतील आणि दुसऱ्या पानावर जाणार असतील तर दोन गोष्टी सांभाळायच्या: निदान एका माणसाची सही मूळ मजकुराच्या पानावरच हवी, आणि सह्यांच्या प्रत्येक पुढच्या पानाच्या माथ्यावर प्रार्थना पुन्हा लिहिलेली हवी. कोऱ्या वहीत घेतलेल्या सह्या नंतर चिकटवलेल्या चालत नाहीत. सह्या देणाऱ्याला तो कशावर सही करतोय ते दिसलं पाहिजे. मला हा नियम फार आवडतो.

भाषेचं काय? अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत हवा. मराठीत करता येतो, आपल्या गावात तो तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा उर्दूतही होऊ शकतो, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद लागतो आणि अनुवादावरही अर्जदाराची सही लागते. माझा सल्ला: आधी आपल्या भाषेत लिहा, मनासारखं उतरलं की हिंदी करून घ्या. थेट हिंदीत लिहायला गेलं की माणूस सरकारी शब्दांत अडकतो आणि सांगायचं ते राहून जातं.

पाठवायचा कसा

खासदारांमार्फत, किंवा थेट 'महासचिव, लोकसभा, संसद भवन, नवी दिल्ली ११०००१' या पत्त्यावर. खासदारांनी सभागृहात मांडायचा असेल तर अर्जावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. प्रतिस्वाक्षरी केली म्हणजे खासदारांना मागणी मान्य आहे असं होत नाही, त्यामुळे ती मागायला संकोच करू नका.

तुमचे खासदार कोण, हे आपल्या जिल्ह्यात तपासूनच घ्यावं लागतं, कारण जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे विधानसभा मतदारसंघ सोलापूर लोकसभेत येतात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढ्यात. आणि बार्शी आहे धाराशिवच्या मतदारसंघात. बार्शीची मंडळी अर्ज घेऊन सोलापूरच्या खासदारांच्या कार्यालयात जातात आणि हेलपाटा पडतो.

एक चूक टाळा. संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहायचं आणि खाली 'प्रत सविनय सादर' म्हणून पंतप्रधान, राष्ट्रपती, लोकसभा अध्यक्ष अशी रांग लावायची, ही आपली जुनी रीत. अशी नुसती पाठवलेली प्रत याचिका समिती विचारात घेत नाही, जोवर त्या प्रतीवरच समितीला उद्देशून वेगळी मागणी केलेली नसते. नाव-पत्ता नसलेलं पत्रही घेत नाहीत. नियमाच्या चौकटीत न बसणारी निवेदनं मात्र ही समिती पाहू शकते, तेव्हा नमुन्यात थोडी चूक झाली म्हणून सगळं वाया गेलं असं समजू नका.

लोकसभेच्या या समितीत किमान १५ सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीत १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत. समिती मंत्रालयाचं म्हणणं मागवते, गरज वाटली तर अर्जदाराला बोलावते आणि सभागृहाला अहवाल देते. अर्ज मांडताना सभागृहात चर्चा होत नाही.

नुसती माहिती हवी असेल तर

मग विनंती अर्ज कशाला? खासदारांकडे प्रश्न द्या. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतात, अतारांकिताला लेखी. आपल्या कामाला अतारांकित बरा, आकडे लेखी हातात येतात. प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा, आणि स्वरूपाने गुप्त असलेली माहिती मागता येत नाही. खासदारांना किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी त्यांच्या कार्यालयात मसुदा पोचवा आणि पोच घ्या. उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात. नियम ३७७ खालीही खासदार मतदारसंघातला विषय मांडू शकतात.

संरक्षणाची स्थायी समिती

सैन्याच्या धोरणाची खरी झडती होते ती इथे, आणि लोकांना हिच्याबद्दल सगळ्यात कमी ठाऊक आहे. १९९३ पासून मंत्रालयनिहाय स्थायी समित्या आहेत. संरक्षणाच्या समितीत ३१ खासदार: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, मुदत एक वर्ष. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये दिले होते. त्यातले १ लाख ६० हजार ७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे. एवढ्या रकमेवर सभागृहात बोलायला वेळ पुरत नाही, कित्येक मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविनाच मताला जातात. समिती मात्र सैन्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. मार्च २०१८ च्या अहवालात लष्कराच्या उपप्रमुखांची साक्ष आहे: ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के सध्याच्या काळातली, अत्याधुनिक फक्त ८ टक्के. तेव्हा समितीचे अध्यक्ष भुवनचंद्र खंडुरी स्वतः निवृत्त मेजर जनरल होते. हे आकडे कुणी चोरून फोडलेले नाहीत, संसदेने छापले आहेत.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाताना मला हे नेहमी आठवतं. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर लष्करी कायदा लादला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्या लष्कराला जाब विचारणं सोलापूरकरांच्या हातात नव्हतं. आजचं सैन्य आपलं आहे आणि त्याचा पैसा मंजूर करणारी माणसं आपण निवडून पाठवतो.

समिती एखाद्या विधेयकावर किंवा विषयावर जाहिरात देऊन लोकांची मतं मागवते, तेव्हा तुम्ही निवेदन देऊ शकता. हिंदी किंवा इंग्रजीत, जाहिरातीत दिलेल्या मुदतीत. समितीपुढे हजर राहून बोलायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. आणि एक पथ्य पाळा: दिलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं, ते गोपनीय असतं. व्हॉट्सॲपवर टाकू नका, वर्तमानपत्राला देऊ नका, संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग झाल्याचा प्रश्न येतो. देशाच्या सुरक्षेला बाध येईल असा कागद सरकार समितीलाही नाकारू शकतं. रोजच्या कारभारातल्या तक्रारीही समिती घेत नाही.

पाठवल्यानंतर

पोस्टाची पावती आणि सही केलेल्या अर्जाची एक प्रत जपून ठेवा. मग वाट पाहायची आहे, महिने लागतात.

स्थायी समितीच्या शिफारशींवर सरकारने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि त्यावर समिती पुन्हा 'कृती अहवाल' काढते. तो संकेतस्थळावर हिंदीतही मिळतो. हातात पडला की पहिल्या पानापासून वाचत बसू नका. थेट चौथं प्रकरण उघडा. सरकारची जी उत्तरं समितीला पटली नाहीत, ती तिथे असतात. तुमचा विषय तिथे सापडला तर त्या परिच्छेदाचा क्रमांक लिहून घ्या आणि पुढच्या अधिवेशनाच्या महिनाभर आधी, प्रश्नाचा मसुदा करून, खासदारांच्या कार्यालयात द्या.